ठाणे–वाशी लोकलमध्ये बिल ब्रुफर्ड कसा ऐकावा

सगळ्यात आधी फोनवरचं शफल बंद करा. गाणी उलटसुलट लागली तर पुढे सांगितलेलं काहीच जमणार नाही.

मी नौपाड्यात वाढले, तबला तिथेच शिकले, आणि गेली एकोणीस वर्षं ठाण्याहून वाशीला नोकरीला जाते. ट्रान्स-हार्बरची गाडी ठाण्यालाच रिकामी होते आणि ठाण्यालाच भरते, त्यामुळे थोडं लवकर गेलं की खिडकी मिळते. वाशीपर्यंत साधारण अर्धा तास. जुन्या एलपीची एक बाजू वीस-बावीस मिनिटांची असायची, म्हणजे जाताना एक बाजू आणि येताना दुसरी. प्रोग्रेसिव्ह रॉक, थोडक्यात प्रोग, म्हणजे लांब गाण्यांचं आणि बदलत्या तालांचं रॉक. ते ऐकायला याहून चांगली वेळ संसारात मिळत नाही. घरी कुकरची शिट्टी असते, दार वाजतं, कुणीतरी हाक मारतं. गाडीत सानपाडा येईपर्यंत मला कुणी काही विचारत नाही.

शनिवारी माझ्याकडे ड्रम्स शिकायला मुलं येतात. त्यांतली बरीचशी विचारतात, "ताई, प्रोग कुठून सुरू करू?" इंटरनेटवरच्या याद्या त्यांनी पाहिलेल्या असतात. शंभर अल्बम, पन्नास बँड. पाच अल्बम होतात आणि सोडून देतात. मी त्यांना बँडचं नाव सांगतच नाही, एका माणसाचं सांगते. एका वादकाचा हात धरायचा आणि तो ज्या ज्या घरात गेला तिथे त्याच्या मागोमाग जायचं. माझा माणूस बिल ब्रुफर्ड. येस आणि किंग क्रिम्सन या दोन्ही बँडचा तो ड्रमर होता आणि 1976 साली जेनेसिसबरोबर दौऱ्यावरही गेला. आपल्याकडे जशी गायकीची घराणी, तशी इंग्लंडच्या प्रोग्रेसिव्ह रॉकची ही तीन मोठी घराणी समजा. तिन्हींच्या बैठकीत बसलेला हा माणूस, आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा हात लगेच ओळखू येतो.

आधी हात तयार करू.

प्रोग ऐकताना लोक घाबरतात ते मात्रांना. सात, पाच, अकरा, तेरा. आपण घाबरायचं काही कारण नाही. ज्याने लहानपणी भजनात टाळ धरलाय किंवा क्लासमध्ये रूपक वाजवलाय त्याला सात मात्रा परक्या नाहीत. ती ती ना, धी ना, धी ना. तीन-दोन-दोन. रूपकात सम खालीवरच येते, म्हणजे पहिल्याच मात्रेला टाळी न देता हात उलटा करायचा. पाठ नसेल तर आज करा. रिक्षाच्या रांगेत उभं राहूनही होतं. त्यानंतर अर्धा झपताल घ्या, धी ना, धी धी ना, हे पाच झाले. एवढ्या दोन गोष्टी हातात आल्या की पुढचं सगळं यांच्याच बेरजेतून निघतं.

पहिली परीक्षा ब्रुफर्डवर घेऊ नका. पिंक फ्लॉइडचं 1973 सालचं 'मनी' लावा. नाण्यांच्या खुळखुळाटाने सुरू होतं ते. सुरुवात सातात आहे. मांडीवर सात मोजा. तुमचे तीन-दोन-दोन त्यांच्या वजनांवर नेमके बसणार नाहीत, तरी सम धरून ठेवा, फक्त सम. सॅक्सोफोन सातातच वाजतो. मग गिटारचा सोलो येतो आणि ताल चाराचा होतो. त्या क्षणी मोजणारा हात चुकला पाहिजे. चुकला म्हणजे तुम्ही खरंच मोजत होतात. ज्याचा हात चुकत नाही तो नुसती मान हलवत असतो.

दोन दिवस हे करा, मग ब्रुफर्डकडे वळा.

त्याचा जन्म 1949 चा, इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या सेव्हनओक्सचा. तो रॉक ऐकत वाढलेला नाही. बीबीसीवरच्या जॅझच्या कार्यक्रमांत अमेरिकन ड्रमर पाहून त्याला नाद लागला. बहिणीने ड्रमचे ब्रश आणून दिले आणि तो रेकॉर्डच्या पुठ्ठ्याच्या कव्हरांवर ते घासत बसायचा. हे वाचलं तेव्हा मला आमचं घर आठवलं. मोठ्या भावाच्या मित्राने टीडीकेच्या नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर 'फ्रॅजाइल' आणि 'क्लोज टू द एज' भरून दिलं होतं, आणि मी स्वयंपाकघरात पाटावर माउसपॅड ठेवून त्यावर काठ्या मारायचे. सोसायटीत ड्रमसेट कोण ठेवू देणार? आजही नवीन मुलांना मी सेट घ्यायला सांगत नाही. एक रबरी पॅड आणि 5ए मापाच्या कांड्या, एवढं वर्षभर पुरतं.

येस बँड 1968 साली लंडनमध्ये उभा राहिला आणि ब्रुफर्ड पहिल्या दिवसापासून त्यात होता. मध्येच तो अर्थशास्त्र शिकायला लीड्स विद्यापीठात गेला आणि परत आला. त्याच वर्षी नोव्हेंबरात लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये क्रीम या बँडचा निरोपाचा कार्यक्रम झाला, त्यात आधी वाजवणाऱ्यांमध्ये येस होते. पहिले दोन अल्बम नंतर कधीतरी ऐका. तुमचा पहिला आठवडा 'फ्रॅजाइल'चा, 1971.

त्यातलं 'राउंडअबाउट' लावा आणि फक्त स्नेअरचा, म्हणजे ड्रमसेटमधल्या कडकडीत वाजणाऱ्या ड्रमचा, आवाज शोधा. गाणं चांगलं की वाईट याचा विचार आत्ता नको. येसचा बेसवादक ख्रिस स्क्वायर आपला रिकनबॅकर बेस खणखणीत, जवळजवळ गिटारसारखा वाजवायचा. त्या आवाजातून वर यायचं तर ड्रम नुसता दणकून चालत नाही. ब्रुफर्डने स्नेअर उंच लावला आणि कांडी अशी मारली की काठ आणि कातडं दोन्हींवर एकदम पडावी. तबल्यावर चाट (कडेची पट्टी) आणि शाई (मधला काळा भाग) यांचा फरक ज्याच्या बोटाला माहीत आहे त्याला हे लगेच कळेल. त्या ठोक्याला शेपूट आहे, तो वाजल्यावर थोडा गुंजतो. आपल्या पथकातल्या ताशाची आठवण होते मला. पंचवीस ढोल चालू असताना एक ताशा वर ऐकू येतो तो जोरामुळे नव्हे, त्याच्या जातीमुळे. हा आवाज कानात बसला की पुढची चाळीस वर्षं तुम्ही या माणसाला डोळे मिटून ओळखाल. म्हणून याला अख्खा आठवडा द्या, घाई नको.

दुसऱ्या आठवड्यात 'क्लोज टू द एज', सप्टेंबर 1972. अल्बमच्या नावाचंच गाणं अठरा मिनिटांच्या वर आहे, एलपीची पूर्ण एक बाजू. ठाण्याला गाडी हलली की सुरू करा. पाण्याचा आणि पाखरांचा आवाज येतो, मग एकदम सगळी वाद्यं तुटून पडतात आणि दिघ्यापर्यंत सम सापडत नाही. सोडून द्या, ऐकत राहा. ऐरोलीच्या पुढे कधीतरी सगळं शांत होतं आणि चर्चचा ऑर्गन येतो. येसचा कीबोर्डवादक रिक वेकमन याचा तो ऑर्गन लंडनच्या सेंट जाइल्स क्रिपलगेट चर्चमधला आहे. त्या शांत भागात ब्रुफर्ड काय करतो ते ऐका. जवळजवळ काहीच नाही. ही खूण वहीत लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

वही हवीच. साधी, शाळेची. एका अल्बमला एक पान आणि पानावर तीनच नोंदी: सम कुठे सापडली, ड्रमचा आवाज कसा होता, आणि ड्रमर कुठे गप्प बसला. आवडलं-नावडलं लिहू नका. ते आपोआप लक्षात राहतं.

आता त्याच्या आयुष्यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी घटना. हा अल्बम तयार झाला, बाजारात यायचा होता, येसचं नाव गाजत होतं, पैसा समोर दिसत होता, आणि 1972 च्या उन्हाळ्यात ब्रुफर्डने बँड सोडला. तो गेला किंग क्रिम्सनमध्ये, त्या बँडचा म्होरक्या गिटारवादक रॉबर्ट फ्रिपकडे. तिथे काहीच ठरलेलं नव्हतं, उद्या काय वाजेल तेही नाही. महिन्याच्या एक तारखेच्या भरवशावर जगणाऱ्या माझ्यासारखीला हे वाचून धडकी भरते. मी नोकरी सोडली नाही, सोडणारही नाही. पण तिसऱ्या आठवड्यात 'क्लोज टू द एज' आणि लगेच त्यानंतरचं 'लार्क्स टंग्ज इन ॲस्पिक' एकाच दिवशी, जाताना आणि येताना ऐकलं, की तो का गेला हे वाचून कळतं त्यापेक्षा जास्त कळतं. पहिल्यात प्रत्येक ठोका जागच्या जागी बसवलेला आहे. दुसऱ्यात, 1973 च्या मार्चमधल्या, शेजारी जेमी म्युर नावाचा तालवादक बसलाय आणि तो पत्रे, घंटा, साखळ्या, हाताला लागेल ते वाजवतोय. ब्रुफर्ड त्याच्याकडे ऐकत ऐकत वाजवतो. म्युर थोड्याच दिवसांत बँड सोडून गेला, पण ब्रुफर्डच्या वाजवण्यातली मोकळीक तिथून आली हे कानाला पटतं.

किंग क्रिम्सनचं संगीत बरीच वर्षं ऑनलाइन ऐकायला मिळत नव्हतं. 2019 पासून मिळतं, तेव्हा आता सबब नाही.

चौथ्या आठवड्यात एकच तुकडा ऐका. 1974 च्या 'स्टारलेस अँड बायबल ब्लॅक' अल्बममधलं 'ट्रायो'. आम्सटरडॅमच्या कॉन्सर्टखेबाऊ सभागृहात 23 नोव्हेंबर 1973 च्या रात्री रंगमंचावर आयत्या वेळी सुचलेलं आहे ते. व्हायोलिन, बेस आणि मेलोट्रॉन (टेपवर भरलेले वाद्यांचे आवाज वाजवणारा कीबोर्ड). चौघांचा बँड, वाजवतात तिघे. ब्रुफर्ड कांड्या छातीवर आडव्या धरून बसून राहिला, शेवटपर्यंत एकही ठोका दिला नाही. नंतर रचनेच्या श्रेयात बाकीच्यांबरोबर त्याचंही नाव घातलं गेलं, कारण त्याचं न वाजवणं हाही रचनेचाच भाग होता.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पान मिटून बसले. कॉलेजात असताना आमच्या बँडमध्ये मी ड्रम्सवर होते. एका स्पर्धेत आमची गायिका फार नाजूक गाणं गात होती आणि मी दर दोन ओळींनी भरणा करत होते, कारण मला येत होता. परीक्षकांनी मला शाबासकी दिली. गायिका मागे जाऊन रडली, तिचा एक शब्द कुणाला ऐकू गेला नव्हता. माझे गुरुजी त्या दिवशी समोर बसले होते. ते काही बोलले नाहीत. पुढच्या सोमवारी क्लासला गेले तर त्यांनी तबला झाकून ठेवला होता. तासभर त्यांनी मला फक्त हाताने विलंबित एकताल धरायला लावला, टाळी आणि खाली. खालीला हात उलटताना तो हवेत कसा थांबतो ते ते बघत होते. मला तेव्हा राग आला होता. 'ट्रायो' ऐकल्यावर तो तास कळला.

म्हणून 'ट्रायो' ऐकताना करायचं ते असं: हातात काहीही धरा, पेन, छत्री, कांड्या, आणि वाजवायची इच्छा कुठे कुठे होते ते बघा आणि वहीत टिपून ठेवा. होतेच. प्रत्येक वेळी हात जागेवर ठेवा. आठवडाभर रोज एकदा.

यानंतर 'रेड', ऑक्टोबर 1974, आणि त्यातलं शेवटचं 'स्टारलेस'. बारा मिनिटांचं गाणं. गायन संपलं की मधला लांब भाग सुरू होतो, तो तेरा मात्रांचा. खालची बेसची ओळ ब्रुफर्डनेच आणलेली आहे. मी ते चार-चार-पाच असं मोजते, तुम्हाला दुसरं काही सोयीचं वाटलं तर तसं मोजा, फक्त तेरा पुरे करा. गिटार जवळजवळ एकाच स्वरावर अडून बसतं आणि हळूहळू वर सरकतं. ब्रुफर्ड सुरुवातीला ड्रमसेट वाजवतच नाही, लाकडी टकटक, इकडे एक ठिणगी, तिकडे एक. मिनिटामिनिटाने एकेक गोष्ट वाढवतो. आपल्याकडे तबलावादक पेशकार, म्हणजे सुरुवातीचा संथ विस्तार, कसा उघडतो ते आठवा. मग तेराची गती दुप्पट होते आणि शेवटी पहिली धून परत येते. ही धून आली तेव्हा गाडी तुर्भ्याच्या पुढे गेली होती आणि मी सानपाड्यापर्यंत डोळे पुसत होते. बारा मिनिटं ज्याने धरून ठेवलं त्यालाच सोडून देता येतं. हा अल्बम बाहेर येण्याआधीच फ्रिपने बँड मोडला होता.

मधली वर्षं पटकन सांगते. जेनेसिसच्या दौऱ्याचा एक तुकडा 'सेकंड्स आउट'वर आहे, 'सिनेमा शो' नावाचा, तो ऐका. 1978 साली यूके नावाच्या बँडचा पहिला अल्बम आला, त्यातही तो होता. मग स्वतःच्या नावाचे अल्बम, त्यांतलं 1979 चं 'वन ऑफ अ काइंड' घ्या, गिटारवर ॲलन होल्ड्सवर्थ आहे. मला ही वर्षं थोडी कोरडी वाटतात. माझ्या एका विद्यार्थ्याला तीच सगळ्यात प्रिय आहेत, तेव्हा तुमचं तुम्ही ठरवा.

1981 मात्र थांबून ऐका. किंग क्रिम्सन पुन्हा उभा राहिला, अल्बम 'डिसिप्लिन'. फ्रिपला झांजांची सळसळ नको होती, तो वरचा भाग त्याला गिटारांसाठी मोकळा हवा होता. रॉक ड्रमरला झांजा वाजवू नको म्हणणं म्हणजे तबलजीला चाटेवर बोट नेऊ नको म्हणण्यासारखं आहे. ब्रुफर्डने वाट काढली. सिमन्स कंपनीचे षटकोनी इलेक्ट्रॉनिक ड्रम आणले आणि हाय-हॅटवर, म्हणजे पायाने उघडमीट होणाऱ्या झांजांच्या जोडीवर, चालणारा नेहमीचा ठेका मोडून तो सगळ्या ड्रमांवर वाटून टाकला. 'फ्रेम बाय फ्रेम'मध्ये दोन गिटारी सातच्या हिशोबात एकत्र निघतात, मग एक जण चौदा स्वरांमागे एक स्वर गाळतो आणि तेरा वाजवतो. दर फेरीला दोघे एकेका स्वराने लांब जातात. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर दोन मुलांना टाळ्या वाजवायला बसवा, एकाला चौदा, एकाला तेरा, दोघांनीही आपापल्या पहिल्या मात्रेवर जोरात. माझ्या शनिवारच्या मुलांना हा खेळ सगळ्यात आवडतो. तेरा फेऱ्यांनी चौदावाला आणि चौदा फेऱ्यांनी तेरावाला पुन्हा एका समेवर येतात, तेव्हा ती ओरडतात.

त्याच अल्बमचं शेवटचं गाणं 'डिसिप्लिन'. गायन नाही. गिटारी आपापल्या चक्रांत फिरत असतात आणि ब्रुफर्ड सतरा वाजवतो. सतराला घाबरू नका, तो तीनतालच आहे, शेवटी एक मात्रा जास्त. चार, चार, चार, पाच. आधी पाटावर तीनताल धरा, मग शेवटच्या खंडात एक मात्रा वाढवा. नेहमीची सम जिथे यायची तिथे ती येत नाही, एका मात्रेने पुढे गेलेली असते. आठ-दहा आवर्तनांनी शरीराला सवय होते. मला तीन आठवडे लागले होते. चालताना होतं हे, उभं राहून होत नाही. तलावपाळीला एक फेरी मारा.

पुढची वीस वर्षं जॅझची आहेत. 1986 साली त्याने अर्थवर्क्स नावाचा गट काढला. त्यात तो त्याच इलेक्ट्रॉनिक ड्रमांवर स्वर आणि कॉर्ड वाजवायचा, ड्रमर असून. नंतर वीज काढून टाकली आणि पुन्हा कातड्याच्या साध्या सेटवर आला. 1995 साली किंग क्रिम्सनच्या 'थ्रॅक'मध्ये तो आणि पॅट मॅस्टेलोटो असे दोन ड्रमर आहेत. हेडफोन नीट डाव्या-उजव्या कानात घाला आणि कोण कोण ते ओळखा. ज्याच्या ठोक्याला शेपूट आहे तो आपला.

2009 साली, साठीला टेकताना, त्याने जाहीर कार्यक्रम बंद केले आणि आत्मचरित्र लिहिलं. मग विद्यापीठात गेला. सरे विद्यापीठाची पीएचडी 2016 ची, विषय ड्रमवादकाची सर्जनशीलता. अर्थशास्त्र सोडून आलेला मुलगा सदुसष्टाव्या वर्षी डॉक्टरेट झाला. त्यानंतर एका छोट्या जॅझ त्रयीत पुन्हा वाजवायलाही बसला.

हे सगळं मिळून दहा-बारा आठवडे होतात. वही भरली की शेवटचं काम: पुन्हा 'ट्रायो'. पहिल्या वेळचं पान उघडून समोर ठेवा. हात कुठे कुठे उचलला गेला होता त्या जागा तिथे लिहिलेल्या असतील. कांड्या छातीवर धरा, गाडी हलली की लावा. साडेपाच मिनिटांच्या थोडं वर आहे, ऐरोली यायच्या आत संपतं.